पहिला चाप साधाच हवा!

शीर्षक वाचून काही जणांना वाटेल, की आता मेसच्या कॉन्ट्रॅक्टरला चाप लावायचा विचार दिसतोय. तोही लावायला हवाच, पण तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवतो! आजचा चाप खराखुरा आहे, बंदुकीचा.

त्याचं झालं असं. माझा आतेभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हानियात असतो. तिथे त्याला ठासणीच्या बंदुकीचा नाद लागला. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजानं ठासायची आणि चकमकीच्या ठिणगीनं बार काढायचा. अठराव्या शतकात त्याच राज्यातल्या लँकेस्टर भागात जर्मन भाषक कारागिरांनी लांब नळीची रायफल नावारूपाला आणली. तिकडचे हौशी लोक आजही तशी रायफल घरच्या टेबलावर घडवतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानं अशा ठासणीच्या बंदुका 'पुरातन' म्हणून वेगळ्या काढल्या, म्हणून हा छंद तिथे चालतो (राज्याराज्यांचे नियम मात्र वेगवेगळे).

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर रेक्टर सर मलाच बोलावतील. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक असते, त्यांनाही परवाना लागतोच. तेव्हा मित्रांनो, हा लेख वाचून वर्कशॉपकडे धावू नका. मीसुद्धा फक्त पुठ्ठा कापला, तोही माझ्याच जर्नलचा!

तर दादाचा फोन आला. "तू मेकॅनिकलचा ना रे? मग सांग, पहिल्या रायफलीला चाप साधा लावू की डबल सेट?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "दादा, डबलच!" का? तर त्यात भाग जास्त, स्प्रिंगा जास्त, दिसायलाही भारी. थर्ड इयरचा इंजिनिअर आणखी काय उत्तर देणार?

रात्री मात्र झोप येईना. आपण नक्की काय सल्ला दिला, हे आपल्यालाच माहीत नाही! मग त्यानं पाठवलेलं ड्रॉइंग उघडलं आणि पुठ्ठा, टाचण्या घेऊन बसलो.

साधा चाप म्हणजे एक तरफ, बस्स. एका पिनेवर ती फिरते. खालचं टोक बोटानं मागे ओढलं की मागची पट्टी वर उचलली जाते आणि सिअर नावाच्या दांडीला वर ढकलते. सिअर खाचेतून सुटली की घोडा पडतो. आता गंमत अशी, की सगळा खेळ त्या पिनेच्या जागेचा आहे. समजा सिअर उचलायला ४ किलोचं बळ लागतं. पिनेपासून सिअर १२ मिमी मागे आणि बोट २४ मिमी खाली असेल, तर बोटाला २ किलो जोर लावावा लागेल. तीच पीन वर आणि सिअरच्या जवळ सरकवा. ८ मिमी आणि ३२ मिमी करा. लागणारा जोर झाला १ किलो! भाग तोच, स्प्रिंग तीच, फक्त भोकाची जागा बदलली. अर्थात फुकट काही मिळत नाही. बोटाला आता दुप्पट अंतर ओढावं लागतं. फर्स्ट इयरला तरफेचं गणित सोडवून पाच मार्क मिळवले होते. ते गणित खरं असतं हे त्या रात्री कळलं.

डबल सेटमध्ये दोन चाप असतात. मागचा ओढला की आतली एक वेगळी स्प्रिंग ताणून बसते. मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श केला की ती सुटते आणि तिचा हातोडा सिअरला फटका मारतो. नेमबाजीला हे उत्तमच. मध्य युरोपातल्या शिकारी रायफलींना असे चाप असत. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध रायफलींनाही असत. त्यामुळे ही वस्तू वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही.

पण फटका क्षणाचा असतो. सिअर लगेच खाली येते आणि फिरणाऱ्या टंबलरच्या अर्ध्या खाचेत अडकू शकते. ते टाळायला टंबलरवर 'फ्लाय' नावाचा चिमुकला तुकडा लागतो. साध्या चापात बोटच सिअरला वर धरून ठेवतं, म्हणून या तुकड्यावाचूनही भागतं. शिवाय काही डबल सेट न ताणताही उडतात, काही ताणल्याशिवाय उडतच नाहीत. म्हणजे लॉक कोणतं, चाप कोणता, दोघांचं जमतं का, हे सगळं पहिल्याच रायफलीत!

डबल सेटवाल्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड वाटतो. सिअर कितीही जड असो, पिनेची जागा थोडी चुको, हा चाप सांभाळून घेतो. नवशिक्याला असाच हवा, असं ते म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जो भाग तुमची चूक झाकतो, तो तुम्हाला ती कळूही देत नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. आमच्या मिनी प्रोजेक्टला एक यंत्रणा हवी होती. दोन तरफा आणि एका स्प्रिंगमध्ये काम झालं असतं. आम्ही बाजारातून मोटर आणि तयार कंट्रोलर आणला, कारण तो चकचकीत होता. जोडला, चालला, टाळ्या! वायव्हाला एक्स्टर्नलनी एवढंच विचारलं, "इथे किती बळ लागतं?" चौघंही गप्प. मी खिडकीबाहेर बघत होतो. मार्क गेले त्याचं एवढं नाही. पण आपण काय केलं हेच आपल्याला माहीत नाही, ती लाज अजून गेलेली नाही.

आणि बंदुकीच्या बाबतीत प्रकरण लाजेवर थांबत नाही. चाप जड वाटला की नवशिक्याचा हात कानशीकडे जातो आणि तो टंबलरची खाच घासायला लागतो. खाच उथळ झाली की चाप हलका होतो खरा, पण मग एखाद्या धक्क्यानंही घोडा पडू शकतो. समोर कोण उभं असेल ते कोण सांगणार? म्हणून मी दादाला दुसऱ्या दिवशी फोन करून आधी चूक कबूल केली आणि म्हटलं, "साधाच घे. जड वाटला तर खाचेला हात लावू नकोस, पिनेची जागा बदल."

तो हसला. "काल तर डबल म्हणत होतास!"

"काल मी इंजिनिअर होतो दादा, आज पुठ्ठा कापलाय."

त्यानं साधाच चाप केला. पहिला बिघडला, भोक खाली पडलं. दुसरा पट्टीतून पुन्हा कापला, घासला, आणि तो बसला. फोटो पाठवला तेव्हा रायफलीचा नव्हता, त्या बिघडलेल्या पहिल्या तुकड्याचा होता. म्हणाला, हा टेबलावर ठेवणार आहे.

आपल्या भाषेत 'चाप लावणे' म्हणजे आवर घालणे. बंदुकीचा चाप तरी दुसरं काय करतो? बार उडवणं हे त्याचं निम्मं काम. बोट लागेपर्यंत बार उडू न देणं हे उरलेलं निम्मं. पुढच्या महिन्यात सेकंड इयरवाले प्रोजेक्टचे विषय देतील. मेसच्या कुपनामागे ज्याची आकृती काढता येते आणि ज्यातलं प्रत्येक बळ सांगता येतं, असाच विषय घ्या. चकचकीत वस्तू दुसऱ्या वेळी घ्या. तेव्हा ती काय झाकते आहे, हे तुम्हाला दिसेल.

आणि कुणाला पुठ्ठ्याचा चाप बघायचा असेल तर रूमवर या. चहा मात्र आपापला आणा!