नाव एक, घराणी दोन

नाशिकला द्वारकेच्या सर्व्हिस रोडवर एक पांढरी टाटा सफारी विकायला उभी आहे. काचेवर खडूने लिहिलंय: ‘फुल साइझ, टोइंग-कॅम्पिंगसाठी बेस्ट’. मॉडेल २०२१चं. पुढे लोखंडी गार्ड, मागे बंपरला लालभडक हुक. गार्डवर मी पुन्हा लिहिणार नव्हतो. केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आणि आपल्याकडे ते अजून नव्या गाडीला हाराबरोबर चढतात. गार्डवाल्या गाडीची क्लच प्लेट नेहमी लवकर जाते, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, नाही.

राग गार्डचा नाही, त्या ‘टोइंग’चा आहे. कारण ‘सफारी’ हे नाव आज दोन वेगळ्या घराण्यांच्या गाड्यांवर आहे आणि जुन्या बाजारात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात.

पहिलं घराणं १९९८चं. त्यातली शेवटची स्टॉर्म २०१२मध्ये आली आणि २०१९मध्ये बंद झाली. खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर बॉडी, ताकद मागच्या चाकांना, फोर बाय फोर घेतली तर चारही चाकांना. २०१५च्या शेवटी आलेल्या व्हॅरिकॉर ४०० इंजिनात ४०० न्यूटन मीटर टॉर्क. २०१७मध्ये लष्कराने ३,१९२ स्टॉर्मची ऑर्डर दिली, ती काही सनरूफ बघून नाही. दुसरं घराणं फेब्रुवारी २०२१चं: हॅरियर लांब करून तिसरी रांग बसवलेली, लँड रोव्हरच्या प्लॅटफॉर्मवरून घेतलेली मोनोकॉक बॉडी, १७० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर. आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. फोर बाय फोर मिळतच नाही.

सपाट, कोरड्या रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही. पण ट्रेलर जोडला की त्याच्या दांड्याचं वजन गाडीच्या शेपटावर येतं. सायकलच्या कॅरिअरवर पोतं टाकलं की पुढचं चाक हलकं होतं ना, तसंच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला या वजनाने उलट पकड मिळते. पुढच्या चाकांवर चालणारी नेमकी ओढायच्या वेळी चाकं फिरवत बसते. पावसाळ्यात भंडारदऱ्याला धरणाकाठच्या लाल चिखलातून छोटी कॅम्पिंग ट्रॉली वर काढायची असेल, तर हा फरक शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही, चिखलात कळतो. मग गावातला ट्रॅक्टर येतो. टोइंग होतं, पण तुमच्या गाडीचं.

कॅम्पिंगलाही स्टॉर्म बरी. मागच्या आडव्या, समोरासमोरच्या सीट बाजूला दुमडल्या की तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन सगळं सरळ आत सरकतं.

आता रोजचं चालवणं. इथे नवी गाडी सहज जिंकावी. ती शांत आहे, आरामशीर आहे, पोरांसाठी पुढे तोंड केलेली तिसरी रांग आहे. तीन पिढ्यांचं कुटुंब असेल तर मी तीच घ्यायला सांगेन. पण ती बीएस-६ डिझेल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ गाळणी. तिच्यातली काजळी जळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. आणि तुमचा रोजचा रस्ता कोणता, तर काठे गल्ली ते सीबीएस! डोक्यावर उड्डाणपूल मोकळा, खाली द्वारकेला आपण पहिल्या गिअरमध्ये. अशा गाडीला महिन्यातून दोनदा तरी घोटीपर्यंत फिरवून आणायची तयारी ठेवा. स्टॉर्मला हा डीपीएफचा लाड नाही. मात्र ती जड आहे, डिझेल पिते, आणि २०१२ची घेतलीत तर १५ वर्षं २०२७मध्ये भरतात, म्हणजे ऐन सिंहस्थात आरटीओच्या रांगेत उभे राहाल. पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, फिटनेस, सगळं आलं.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाका. मागच्या क्रॉस मेंबरवर ताजा काळा रंग दिसला तर विचारा, कशासाठी मारला. हुकाचे बोल्ट चेसिसमध्ये गेलेत की नुसत्या बंपरच्या पट्टीत, ते बोट लावून पाहा. भोकं लांबट झालेली असतील तर त्या गाडीने क्षमतेपेक्षा जास्त ओढलंय. डिफरन्शियलच्या हाउसिंगवर तेलाची ओल आहे का, फोर बाय फोर खरंच लागतो का, हे मेकॅनिकला सोबत नेऊन तपासा. द्वारकेच्या त्या गाडीचा लाल हुक मी हलवून पाहिला. बंपरसकट हलला.

आणि ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते, भाऊ. ती नसताना अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडत बसाल.

माझा निकाल: खरोखर ट्रॉली ओढणार असाल तर २०१६ नंतरची, फोर बाय फोर, व्हॅरिकॉर ४०० स्टॉर्म शोधा, चेसिस स्वच्छ असेल तरच घ्या. ओढणार नसाल तर २०२१ची खुशाल घ्या, फक्त त्या हुकाचे जास्तीचे पैसे देऊ नका.