ओरखडा गाडीला, धास्ती बाईला

गाडीवर ओरखडा दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोण चालवत होतं?’ नवरा किंवा मुलगा चालवत असेल, तर ‘रस्तेच तसले आहेत’ म्हणून विषय मिटतो. बाई चालवत असेल, तर तोच ओरखडा वर्षभर पुरतो. पाहुण्यांना दाखवला जातो, त्यावर विनोद होतात आणि हळूहळू गाडीची किल्ली तिच्या हातातून निसटते.

कोपरीत महिला मंडळाचं काम करताना मी हे जवळून बघते आहे. आमच्याकडच्या बऱ्याच जणी रीतसर ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गाडी शिकल्या. सासऱ्यांना डायलिसिसला नेणं, मुलीला रात्री क्लासहून आणणं त्यांनी अंगावर घेतलं. त्यातल्या एकीच्या गाडीचं दार उभ्या टेम्पोला घासलं. रंग खरवडून पत्रा दिसला. त्या दिवसानंतर तिला कुणी किल्ली दिली नाही आणि तिनंही मागितली नाही. आता ती सासऱ्यांना घेऊन नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी असते. एवढ्याशा चऱ्यापायी!

ज्या मार्गावर सुरेखा यादव यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन चालवली, त्या मार्गाला लागून आपण राहतो. आणि दारावरच्या वीतभर रेघेनं आपलं गाडी चालवणं बंद होतं. माझं म्हणणं असं की, आपल्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, पण गाडीला खरचटलं तर काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. ते शिकून घ्यायला हवं. दुरुस्ती हातात आली की धास्ती निम्मी होते.

शिवाय आमच्या कोपरीत ओरखडा टळणं कठीणच. रेल्वेवरचा पूल २०२३ मध्ये रुंद होऊन पूर्ण खुला झाला, पण आतल्या गल्ल्या होत्या तेवढ्याच आहेत. जुन्या इमारतींना पार्किंग नाही, दोन्ही बाजूंनी वाहनं लागलेली. त्यात बाजूला खाडी. ‘मीठबंदर रोड’ या नावातच मीठ आहे! खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, अशा ठिकाणी उघडा पडलेला पत्रा फार दिवस तग धरत नाही. म्हणून खोल ओरखडा हा दिसण्याचा प्रश्न नाही, गंजाचा प्रश्न आहे. गंज रंगाखालून पसरत गेला की खर्च खरोखर वाढतो.

आता थोडं समजून घेऊ. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असतं. हे सगळे थर मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी! ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो वरवरचा आहे, पॉलिशनं जाईल. नख अडकलं आणि आत पांढरट-राखाडी दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय. चकचकीत किंवा तांबूस दिसलं तर पत्र्यापर्यंत गेलाय. टूथपेस्ट घासण्याचा सल्ला सगळे देतात. तिनं वरवरची रेघ थोडी पुसट होते, खोल चरा भरत नाही. नेलपॉलिशचंही तेच. रंग जुळत नाही आणि उन्हात टिकत नाही.

आमच्या गाडीच्या मागच्या दारावर कुणी तरी मोटारसायकल घासून गेलं, तेव्हा एका गॅरेजनं अख्खं दार रंगवायचे साडेचार हजार सांगितले. मग मीच करायचं ठरवलं. सामान हजाराच्या आत आलं. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, साहेबांना पाठवा, तुम्हाला नंबर कळणार नाही.’’ मी नंबर लिहूनच नेला होता! प्रत्येक गाडीच्या रंगाला नंबर असतो. तो दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. नाहीच सापडला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं. नुसतं ‘चंदेरी’ म्हणून रंग आणला तर हमखास फसगत.

काम सोपं आहे, पण घाईचं नाही. कोरडा दिवस आणि सावली निवडा. भर उन्हात किंवा पावसाळी दमट हवेत रंग नीट बसत नाही. गाडीचा तेवढा भाग शाम्पूनं धुऊन पूर्ण वाळवा. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. गंज असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा छोटा तुकडा काडीला गुंडाळून फक्त तेवढंच घासा, मग स्पिरिटनं पुसा. पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमर. ही पायरी गाळली तर वर कितीही सुंदर रंग लावा, आत गंज चालूच राहतो. प्रायमर वाळला की बारीक ब्रशनं रंगाचे पातळ दोन-तीन हात द्या, दोन हातांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. जाड थेंब टाकला की ओघळ आलाच. दुसऱ्या दिवशी लॅकर. मग आठवडाभर हात लावायचा नाही. त्यानंतर २००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं फुगवटा सपाट करायचा आणि शेवटी रबिंग कंपाउंडनं चमक आणायची. थिनर आणि लॅकरचा वास डोक्यात जातो, ते पेट घेणारेही आहेत. तेव्हा काम मोकळ्या हवेत, मास्क लावून, मुलांपासून आणि गॅसपासून लांब करा.

नव्यासारखं दिसेल का? नाही. जवळून पाहिलं तर कळतं, चंदेरी आणि मोतिया रंगात जरा जास्तच. पण गंज थांबतो आणि चार पावलांवरून काही दिसत नाही. पत्रा चेपला असेल, ओरखडे तळहाताहून मोठ्या भागात असतील, तर मात्र डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावं. त्या कारागिराचं कसब आपल्याला दोन दिवसांत येणार नाही, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

‘इन्शुरन्स आहे ना’ असं घरातले म्हणतात. पण हिशेब मांडा. दाव्याविना एक वर्ष गेलं की गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांवर जाते. वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर एका दाव्यानं ही सूट जाते. एका चऱ्यासाठी एवढी सूट घालवणं मला तरी पटत नाही.

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात हातून कपबशी फुटली म्हणून आपल्याला कुणी स्वयंपाक थांबवायला सांगत नाही. मग गाडीचाच नियम वेगळा का? आमच्या मंडळात आता हळदीकुंकवाच्या महिन्यात एक रविवार या कामासाठी ठेवावा, असा माझा आग्रह आहे. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप द्यावी. नाक्यावर रिक्षाची वाट बघणाऱ्या त्या मैत्रिणीला मी पहिलं आमंत्रण दिलंय. येताना गाडी तिनंच चालवत आणायची, एवढीच अट आहे.