पट्टकादंबाची हिमालय-वारी

मैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण हा तंबाखू आणि मक्याचा तालुका. मैसूरहून कोडगूकडे जाताना पिरियापट्टण मागे पडले की बैलकुप्पे लागते, आणि आपण कर्नाटकात आहोत याचाच क्षणभर विसर पडतो. शेतांच्या कडेला रंगीबेरंगी पताका फडफडत असतात आणि तांबडी वस्त्रे ल्यालेले भिक्षू रस्त्याने चाललेले दिसतात. तिबेट सोडून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत १९६१ साली उभी राहिली. इथे आलेल्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणांनी हिमालयाच्या खिंडी पायी ओलांडल्या होत्या.

तोच हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात याच जिल्ह्यातील तळ्यांवर आणखी एक जमात उतरते. फरक इतकाच, की तिचा प्रवास जन्मात एकदाचा नाही, दरसालचा आहे; जाण्याचा आणि परतण्याचाही.

पट्टकादंब हे त्या पक्ष्याचे नाव. राखी अंगाचा, दोन-तीन किलो वजनाचा हा हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. कन्नडमध्येही त्याला ‘पट्टेतले हेब्बातु’, म्हणजे पट्टेरी डोक्याचा हंस म्हणतात. नंजनगूड तालुक्यातील हदिनारुच्या तळ्यावर तो येतो, तसा आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला आणि जायकवाडीच्या नाथसागरावरही येतो. त्याची वीण होते तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तानातील थंड सरोवरांकाठी. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले काही हंस कर्नाटकातील तळ्यांवर दिसले आहेत. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी चार हजार कि.मी.हून अधिक भरते.

अंतराच्या बाबतीत त्याच्यावर मात करणारे पक्षी आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉडविट जातीचे जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि वाटेत कुठेही न टेकता ११ दिवसांत १३,५६० कि.मी. उडून टास्मानियाला पोहोचले! नागालँडमध्ये वाळवी खाऊन गुबगुबीत झालेला अमूर ससाणा आपल्या डोक्यावरून जातो आणि अरबी समुद्र पार करून आफ्रिका गाठतो. समुद्रावर उतरायला जागा नसते, म्हणून हे पक्षी निघण्यापूर्वी अंगात भरपूर चरबी साठवतात आणि पाठीमागून येणारा वारा साधतात.

पट्टकादंबाची अडचण निराळी. त्याला उतरायला जमीन आहे, पण श्वास घ्यायला पुरेशी हवा नाही. साडेपाच हजार मीटर उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. तिथे माणसाला चार पावले चालली तरी धाप लागते, आणि पंख मारत उडणे हे तर चालण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम. मग हा पक्षी ते करतो कसे?

काही उत्तरे त्याच्या शरीरातच आहेत. इतर बदकवर्गीयांपेक्षा त्याची फुप्फुसे मोठी असतात आणि तो खोल श्वास घेतो. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चटकन पकडते. पंखांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते.

ही क्षमता पारखण्यासाठी जेसिका मीर या अमेरिकन संशोधिकेने अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले सांभाळली. पिल्ले तिलाच आई समजून मागे-मागे फिरत. मोठी झाल्यावर त्यांना कॅनडात वाऱ्याच्या बोगद्यात, चोचीवर मुखवटा चढवून उडवले. एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो तितकाच प्राणवायू देऊनही त्यांच्यातील काही उडत राहिले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ही हंसांची आई अंतराळात पोहोचण्याच्या बेतात होती. त्याच ऑक्टोबरमध्ये केवळ स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळ-चालीत ती एक होती.

पण अंगात ताकद आहे म्हणून ती उधळायची, असा या पक्ष्याचा स्वभाव नाही. तो एव्हरेस्टवरून उडतो ही कथा सर्वांच्या आवडीची. ब्रिटनमधील चार्ल्स बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंगोलियातील हंसांच्या अंगात छोटी नोंदयंत्रे बसवली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत सर्वाधिक उंची ७,२९० मीटर निघाली आणि बहुतेक उड्डाण सहा हजारांच्या खालीच होते. एकदा वर चढून तिथेच उडत राहायचे, असेही हे हंस करत नव्हते. डोंगर आला की चढायचे, दरी आली की मिळवलेली उंची सोडून खाली यायचे. वरवर पाहता हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पण खाली हवा दाट, तिथे पंखांना आधार मिळतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. पुन्हा चढावे लागले तरी हिशेब फायद्याचाच! शिवाय हे हंस बहुधा रात्री आणि पहाटे चढतात, कारण थंड हवा अधिक दाट असते.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर. सखल मैदानातून निघून सात-आठ तासांत, वाऱ्याची साथ नसतानाही, हिमालयाचा माथा गाठल्याच्या नोंदी आहेत. या चढणीची शिदोरी बांधली जाते ती आपल्या तळ्यांवर. इथे हा पक्षी दिवसा पाण्यावर विसावतो आणि अंधार पडला की शेतांत चरायला जातो. कोवळा हरभरा, गहू, भुईमूग त्याला आवडतात. ज्याच्या शेतात थवा उतरला त्याचे नुकसान होते, त्याने फटाके वाजवले तर त्याला दोष कसा द्यायचा? पण हाकललेला हंस उडतो, आणि प्रत्येक उड्डाणाला थोडी चरबी खर्ची पडते. तळे गाळाने भरले, त्यावर अतिक्रमण झाले किंवा दिवसभर पाण्यात वर्दळ राहिली, तरी तेच होते.

गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर हे हंस हजारोंनी उतरतात. २०२४ मध्ये त्या तळ्याचा रामसर यादीत समावेश झाला. बाकीच्या बहुतेक तळ्यांना असे नाव मिळालेले नाही. गावाने पाणी राखले तर हंस तिथे राहतात, आणि मार्चच्या सुमारास एखाद्या रात्री थवा उठून उत्तरेकडे निघून जातो.