उतरलेल्या खांद्यांचा सिनेमा

देवळीत मी मर्दानी कपडे शिवतो, म्हणून सांगतो: ‘कागज के फूल’ म्हणजे नुसती स्टाईल, हा आरोप मला मान्य नाही. १९५९ साली भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट पडला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही.

आता पोरं मोबाइलवर त्यातले फोटो दाखवतात. ‘‘काका, असाच कोट शिवून द्या न!’’ सिनेमा पाहिला का विचारलं, तर म्हणतात, ‘‘लय रडका हाये.’’ अरे, पण कथाच त्या कोटातून सुरू होते! पावसात सिनेमातला दिग्दर्शक सिन्हा तो कोट शांती नावाच्या मुलीला देतो. ती परत करायला स्टुडिओत येते, नकळत कॅमेऱ्यासमोर जाते आणि नटी होते. शेवटी त्याच रुबाबदार माणसाचे खांदे उतरलेले, कपड्यांची रया गेलेली. माप घेणाऱ्याला हे आधी दिसतं.

गुरुदत्त यांच्या ‘सीआयडी’ची वेशभूषा करणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं. तरी आपल्या परीक्षणांत कपड्यांना एक ओळ मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. पोरांना मी म्हणतो, आधी शेवटपर्यंत बघून या, मग टेप काढतो.