दोघांत एक पंढरपूर: दसऱ्यापासून कार्तिकीपर्यंत चालू या

कंधारकर बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेल्या आपल्या सगळ्या लेकरांनो,

दसरा तोंडावर आला आहे. त्या दिवशी आपण वेस ओलांडतो, सोनं देतो-घेतो आणि घरी येऊन बसतो. या वर्षी वेस ओलांडल्यावर बसू नका, एवढं मागण्यासाठी हे लिहिते आहे.

दसऱ्यापासून कार्तिकी एकादशीपर्यंत एक महिना मिळतो. कंधारहून लोहा, अहमदपूर, लातूर, बार्शी या रस्त्याने पंढरपूर सुमारे 300 किलोमीटर आहे. दोघांनी जोडी करायची आणि दोघांत मिळून रोज 10 किलोमीटर चालायचं, म्हणजे एकाच्या वाट्याला पाच. चालायचं आपापल्या गावात, आपापल्या सवडीने. मोजायचं मात्र या एकाच रस्त्यावर. दोघांचे मिळून 300 भरले की जोडी पंढरपुरात पोचली. मोठ्या शहरांत, कंपन्यांत याला व्हर्च्युअल वॉकिंग चॅलेंज म्हणतात. आपण त्याला आपल्या भाषेत दोघांची वारी म्हणू.

घाई का करते आहे, तेही सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी सांगितलं, की भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं शरीराला लागते तेवढीही हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57. हे आपल्या गावाला लागू नाही, असं कुणी म्हणू नये. दळण आणायला मोटारसायकल, शाळेत सोडायला मोटारसायकल, गल्लीच्या टोकाच्या दुकानालाही मोटारसायकल. दवाखान्याच्या बाकावर पूर्वी साठीची माणसं साखर तपासायला बसलेली दिसायची, आता पस्तिशीची दिसतात.

ज्यांचं अंग दिवसभर सोयाबीनच्या काढणीत आणि उसाच्या फडात झिजतं, त्यांना हे आवाहन नाही. त्यांना चालणं नको, विसावा हवा. हे आहे ते खुर्चीवर, गल्ल्यावर, ओट्यापाशी आणि टीव्हीसमोर दिवस जाणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चाला म्हणाले. नवे बूट आणले. पहाटे जगत्तुंग समुद्राच्या काठाने चालायला लागले. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पाहुणे होते, तेराव्या दिवशी पाऊस, चौदाव्या दिवशी कारणही लागलं नाही. बूट पलंगाखाली गेले. असं माझं तीनदा झालं. दर वेळी मी स्वतःलाच आळशी म्हणत राहिले आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही.

फरक पडला तो गेल्या दसऱ्याला. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याचंही वजन वाढलेलं, रक्तदाब सुरू झालेला. फोनवर बोलता बोलता ठरलं, की ताईने कंधारात चालायचं, त्याने चाकणला, आणि रात्री नऊला एकमेकांना आकडा कळवायचा. मी शाळेतली सवय म्हणून एका मोठ्या कागदावर रस्ता काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. लोहा, माळेगाव, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. रोज रात्री दोघांची बेरीज करायची आणि लाल पेन्सिलीने रेघ पुढे न्यायची.

एका रात्री साडेनऊ झाले तरी त्याचा आकडा नाही. रात्रपाळी होती. पावणेदहाला फोटो आला: कामाच्या मोज्यातल्या हातात फोन, पडद्यावर 4,200 पावलं, मागे लोखंडी रॅक. खाली लिहिलं होतं, ताई, बाकीची सुट्टी झाल्यावर भरतो. माझी त्या दिवशीची निम्मीच झाली होती. चप्पल घातली आणि अंगणात येरझाऱ्या सुरू केल्या. सून विचारायला बाहेर आली आणि तीही चालू लागली. मला त्या रात्री साखरेच्या भीतीने उठवलं नव्हतं. तिकडे भाऊ माझ्या आकड्याची वाट बघत होता, म्हणून मी उठले.

दिवाळीत आम्ही मागे पडलो, हेही सांगायला हवं. फराळ, पाहुणे, तीन दिवस रेघ येडशीच्या अलीकडेच थांबली. भाऊबीजेला तो गावी आला. ओवाळून झाल्यावर पाट उचलायच्या आत म्हणाला, चल. किल्ल्याच्या खंदकाकडून तलावाकडे आम्ही बहीण-भाऊ किती तरी वर्षांनी बरोबर चाललो. एकादशीच्या आदल्या रात्री रेघ पंढरपूरला टेकली. माझ्या गोळ्या बंद झाल्या नाहीत. असा चमत्कार कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. पण तीन महिन्यांची साखर खाली आली, आणि जिने चढताना लागणारा दम गेला.

आमच्या दोघांच्या अनुभवावर तुम्ही का विसंबावं? त्याचीही परीक्षा झालेली आहे, आणि ती मुंबईतून सुरू झालेल्या उपक्रमाची. स्टेपॅथलॉन नावाच्या या स्पर्धेत पाच-पाच जणांचे गट 100 दिवस रोजची पावलं भरत आणि गटाची खूण जगाच्या नकाशावर पुढे सरकत असे. 2012 ते 2014 या तीन वर्षांतल्या 69,219 सहभागींचा हिशेब 2016 साली हृदयरोगाच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात छापून आला. माणशी रोजची पावलं सरासरी साडेतीन हजारांनी वाढली होती, बसून राहण्याचा वेळ पाऊण तासाने घटला होता, वजन सुमारे दीड किलोने उतरलं होतं. आकडे लोकांनी स्वतः भरलेले होते, म्हणून ते थोडे हात राखून धरावेत. तरीही हे लक्षात घ्या, की ही माणसं एकेकटी नव्हती, गटात होती. नकाशावरची एक खूण पुढे न्यायला ती चालली.

आपल्याला तर हे शिकायला मुंबईपर्यंतही जायला नको. एरवी बाजारातून यायला रिक्षा करणारी आजी दिंडीत रोज पंधरा-वीस किलोमीटर कशी चालते, ते तिलाच विचारा. पुढे पताका असते, मागे डोक्यावर तुळस घेतलेली बाई असते, मुक्कामाला नाव घेऊन विचारणारं कुणी असतं, आली का गं? एकटं असलं की चालायचं ठरवावं लागतं. दिंडीत असलं की थांबायचं ठरवावं लागतं. आपल्याला घरबसल्या तेवढीच सोय करून घ्यायची आहे.

आता रीत. जोडी शक्यतो दूरच्या माणसाशी करा. गावात राहिलेली आई आणि भोसरीतला मुलगा, कंधारची नणंद आणि हैदराबादची भावजय. फोन खिशात किंवा कमरेला असला तर पावलं आपोआप मोजली जातात. महागडं घड्याळ घेऊ नका, पैसे मागणारं अ‍ॅप तर मुळीच नको. साधा बटणाचा फोन असेल तर घड्याळ लावा आणि अर्ध्या तासाच्या झपझप चालण्याला अडीच किलोमीटर धरा. पाच किलोमीटर म्हणजे साधारण सात हजार पावलं. दहा हजारांचा धसका घेऊ नका. तो आकडा 1965 साली जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून पसरला. पुढच्या संशोधनात साठीच्या पुढच्या माणसांना सहा ते आठ हजारांतच बहुतेक लाभ मिळतो असं दिसलं आहे.

एका गोष्टीवर माझा आग्रह आहे. पहिला कोण, शेवटचा कोण, अशी यादी गल्लीच्या ग्रुपवर लावू नका. तशा यादीने पहिले तिघे जोरात चालतात आणि शेवटचे तीस गुपचूप निघून जातात, आणि ज्यांना गरज असते ते त्या तिसांतच असतात. फक्त जोडीची बेरीज सांगा. एकाला ताप आला तर दुसऱ्याने त्याचे दोन किलोमीटर ओढावेत.

रस्त्याचा कागद भिंतीवर जरूर लावा आणि घरातल्या पोरांच्या हाती पेन्सिल द्या. माळेगाव आलं की खंडोबाच्या यात्रेची गोष्ट निघते, येडशी आली की रामलिंगच्या जंगलाची. कुर्डुवाडीला माझ्या नातवाला मी सांगितलं, की बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1906 साली इथून पंढरपूरला जाऊ लागली आणि 1911 साली आपल्या लातूरपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी तोच मला म्हणाला, आजी, आज चालली नाहीस, गाडी थांबलीय.

बायांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री अंगावर येतात, लोक काय म्हणतील, हे सगळं खरं आहे आणि मी भोगलेलं आहे. अंगण, गच्ची, शाळेचं मैदान, काहीही चालेल. गच्चीवरच्या पावलाने पंढरपूर तेवढंच जवळ येतं. घरातल्या पुरुषांनी एवढंच करावं, की संध्याकाळचा अर्धा तास तिला चहा मागू नये.

पंढरपूरच हवं असंही नाही. आपलं कंधार हाजी सय्याह बाबांच्या दर्ग्याचंही गाव आहे. कुणी गुलबर्गा ठेवा, कुणी तुळजापूर, कुणी माहूर. नकाशावर अंतर बघा, दिवसांनी भागा, निघा.

जिवाला जपा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा आणि रात्री तळपाय उजेडात बघावेत, फोड दिसला तर चालणं थांबवून दाखवून यावं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढाच वेग पुरे. छातीत दुखलं, चक्कर आली तर बसा, आणि थेट दवाखाना गाठा. गुडघे दुखत असतील तर अडीच किलोमीटर धरा आणि चौघांचा गट करा.

महिना संपला की उत्साह उतरतो. गेल्या वर्षी आमची चूक इथेच झाली: कार्तिकीनंतर रेघ संपली आणि चालणंही महिनाभर थांबलं. म्हणून कार्तिकीच्या रात्रीच परतीचा कागद लावा.

नाव नोंदवायला कुठे जायचं नाही, फी नाही, फॉर्म नाही. ज्याची तब्येत तुम्हाला रात्री जागं ठेवते, अशा एका माणसाला आज जेवणाआधी फोन करा आणि म्हणा, माझ्याबरोबर पंढरपूरला चल. दसऱ्याला सोनं द्यायला घराबाहेर पाऊल टाकाल, तेच पहिलं धरा. पहिलं गाव लोहा, पंधरा-एक किलोमीटर; दोघांचं दीड दिवसाचं चालणं आहे.