कानाचं मशीन शिट्टी घालतंय?

एका भगिनीनं विचारलंय, "सासूबाईंचं कानाचं मशीन हल्ली सारखं शिट्टी घालतं, ऐकूही कमी येतं. चिडून त्यांनी ते कपाटात टाकलंय. नवं घ्यावं का?"

थांबा! आधी कान बघून घ्या. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे, ती कातडीची राखण. एरवी तो आपला आपण बाहेर सरकतो. मशीनचा साचा मात्र दिवसभर वाट अडवतो नि मळ आत साठतो. मग आवाज त्यावर आपटून माघारी मशीनमध्ये शिरतो, आणि शिट्टी वाजते.

कान दुखत किंवा वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल, कानाची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तरच घरी उपाय करावा. रात्री मशीन काढून ठेवा. त्यांना कुशीवर निजवून औषधी ऑलिव्ह तेलाचे २-३ थेंब ड्रॉपरने सोडा. ५ ते १० मिनिटं तसंच पडू द्या, मग बाहेर आलेलं तेल पुसून घ्या. असं ३ ते ५ दिवस करा. मळ फुगल्यानं सुरुवातीला ऐकू कमी येईल; घाबरू नये. तेल कोमट करायचं तर बाटली मुठीत धरा. लसूण घालून कडकडवलेलं तेल मुळीच नको, कान भाजतो!

आकडा, काडी, कापसाची काडी, काही म्हणजे काही आत घालू नका. मळ आणखी आत ढकलला जातो.

मशीन रोज सकाळी कोरड्या मऊ ब्रशनं झाडावं. रात्रीत वाळलेला मळ सहज सुटतो. साचा सुटा होत असेल तर तेवढाच कोमट साबणपाण्यात धुऊन पुरता वाळवावा. मशीनला मात्र पाणी लागता कामा नये, बरं का. मळ अडवणारी बारीक जाळी असेल, तर ती वेळच्या वेळी बदलावी.

मधुमेह असेल, एकाच कानानं ऐकू येत असेल, चक्कर येत असेल, किंवा ५ दिवसांत फरक पडला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जावं. ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी!

आणि तोवर सासूबाईंशी समोर बसून, सावकाश बोला. ओरडू नका. मशीन कपाटात गेलं की माणूसही गप्पांतून बाजूला पडतं, ते होऊ देऊ नका.