मातीपाण्याची विद्या आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागले की देहूरोड, किवळे, मामुर्डी, चिंचोली या बाजूचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : मुलास पुढे काय शिकवावे? पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखाने दाराशी असल्यामुळे बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते. मागील हंगामात मात्र एका शेतकऱ्याने निराळा प्रश्न केला. त्याच्या मुलीस माती, पाणी व वने यांच्या संधारणाचे शिक्षण घ्यावयाचे होते. तो म्हणाला, ‘‘साहेब, माती राखायला कॉलेज कशाला? बांध तर आम्ही घालतोच की.’’

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ द्यावयास हवे.

देहूरोडच्या दक्षिणेस पवना आणि उत्तरेस इंद्रायणी वाहते. घोरावडेश्वराच्या डोंगरावर पडणारे पाणी त्यामुळे दोन वाटांनी जाते. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेस. पुढे मुळा-मुठेचे पाणीही भीमेसच येते आणि सारे मिळून उजनीच्या जलाशयात जाते. येथील उतारावरून वाहिलेली माती व येथील नाल्यांत सोडलेले सांडपाणी, या दोहोंचा भार सोलापूरकडील गावांना सोसावा लागतो. अलीकडील वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर दिसलेला पांढरा फेस सर्वांच्या परिचयाचा आहे. आपला बांध आपल्या शेताची माती राखतो. परंतु पाणलोट शेताची हद्द ओळखत नाही. त्याचा हिशेब मांडण्यास शास्त्र लागते.

यावर कोणी म्हणेल की, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा करणारे कै. विलासराव साळुंखे कोठे कृषि पदवीधर होते? हिवरे बाजारचे श्री. पोपटराव पवार यांची पदवीदेखील वाणिज्य शाखेची आहे. हे खरे आहे. गाव एकत्र आणण्याची हातोटी कोणत्याही परीक्षेने येत नाही. तथापि साळुंखे अभियंते होते व मोजमापाची शिस्त त्यांच्या अंगी होती, हेही विसरता कामा नये. १ एकरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४० हजार लिटर पाणी येते. त्यातील किती मुरेल, किती वाहील व ते कोठे अडवावे, याचा अंदाज मापे घेतल्यावाचून करता येत नाही.

मापात चूक झाली म्हणजे काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका उतारावर समपातळी चरांची आखणी माझ्याकडे होती. घाईत मी पातळी पुन्हा तपासून पाहिली नाही. एक वृद्ध शेतकरी म्हणाला, ‘‘साहेब, पाणी या टोकाला गोळा होईल.’’ मी पुस्तकावर विसंबलो. पहिल्याच मोठ्या पावसात चर त्याच टोकाला फुटला आणि खालचे भातखाचर मुरुमाने भरले. त्या दिवशी मला दोन गोष्टी उमगल्या : मापावाचून चर काढू नये आणि शिवार जाणणाऱ्याला विचारल्यावाचून माप घेऊ नये. महाविद्यालय पहिली गोष्ट शिकविते. दुसरी गावानेच शिकवावयाची असते.

आता व्यवहाराचे. हा विषय आपल्याकडे बहुधा एकाच नावाखाली शिकविला जात नाही. मृदशास्त्र कृषि पदवीत, मृद व जलसंधारण अभियांत्रिकी कृषि अभियांत्रिकीत, वनांचा अभ्यास वनशास्त्रात, तर प्रदूषणाचा पर्यावरणशास्त्रात येतो. यांपैकी कृषि व कृषि अभियांत्रिकीच्या पदव्या ४ वर्षांच्या आहेत. त्यांसाठी विज्ञान शाखेतून बारावी व राज्याची प्रवेश परीक्षा आवश्यक असते. कृषि अभियांत्रिकीस जावयाचे असल्यास गणित सोडू नये. पदवी हाती पडताच सरकारी नोकरी मिळेल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. जागा मोजक्या व उमेदवार पुष्कळ असतात. केवळ नोकरीसाठी ही वाट धरणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे.

असे असूनही मी त्या शेतकऱ्यास मुलीला पाठवा असेच सांगितले. आपल्या भागात जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरतो आणि भातखाचरांवर इमारती उभ्या राहात आहेत. अशा ठिकाणी उरलेल्या माती-पाण्याची किंमत आकड्यांनिशी मांडू शकणारे माणूस गावातले असावे, बाहेरून आलेले नव्हे. मुलगी नोकरीस लागो वा न लागो, ग्रामसभेत नाल्याचा प्रश्न निघेल तेव्हा ती नकाशा उलगडून बोलू शकेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना एकच विनंती आहे. कृषि महाविद्यालयांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कार्यानुभवासाठी गावी येतात. त्यांच्या वहीवर केवळ सही करून त्यांची बोळवण करू नका. त्यांना फुटलेला बांध दाखवा, गाळाने भरलेला नाला दाखवा आणि तो का भरला हे त्यांच्याकडून मोजून घ्या. सोबत गावातील दहावी-बारावीची दोन मुलेही न्या. हे शिक्षण आपल्यासाठी आहे की नाही, याचा निर्णय त्यांना त्या नाल्यातच करता येईल.